वडिलांच्या पोटातल्या महाधमनीला ४.४ सेंटिमीटरचा फुगा आहे, आता काय करायचं?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टर्नर होते. तीस-पस्तीस वर्षं विडी ओढली, अजून दिवसाला दोन-तीन होतात. बी.पी.ची गोळी चालू आहे. लघवीच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली, तर प्रोस्टेट वाढल्याचं आलंच, पण खाली ‘पोटातल्या महाधमनीला ४.४ सेंटिमीटरचा ॲन्युरिझम’ असंही लिहून आलं. एका डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं, दुसरे म्हणाले काही करायला नको. शेजारच्या काकांनी ‘पोटात बॉम्ब आहे’ म्हटल्यापासून बाबांनी उपवनला फिरायला जाणंही सोडलं. खरं काय समजायचं? (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर :

ताई, दोन डॉक्टरांकडून दोन टोकांची मतं ऐकल्यावर गोंधळ उडणारच. मी ठाण्यात बावीस वर्षं रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो आहे. असा कागद हातात घेऊन घाबरलेलं कुटुंब दर महिन्याला समोर बसलेलं असतं, म्हणून आधी उत्तर सांगून टाकतो. ४.४ ला ऑपरेशन नको. पण ‘काही करायला नको’ हेही बरोबर नाही. बाबांनी आजपासून करायच्या गोष्टी आहेत आणि हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. ‘बॉम्ब’ हा शब्द मात्र घरातून आधी बाहेर काढा. त्या एका शब्दापायी माणसं चालणं सोडतात, अंथरूण धरतात, रात्र-रात्र जागून बी.पी. वाढवून घेतात.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य शुद्ध रक्तवाहिनी. छातीतून उतरून ती पाठीच्या कण्याला चिकटून पोटात येते, मूत्रपिंडांना फांद्या देते आणि साधारण बेंबीपाशी तिचे दोन पायांसाठी दोन फाटे होतात. पोटात तिची जाडी सुमारे २ सेंटिमीटर असते, म्हणजे पुरुषाच्या अंगठ्याएवढी. ती ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद झाली की आम्ही ॲन्युरिझम म्हणतो. बाबांची त्या जागी एखाद्या मोठ्या लिंबाएवढी झाली आहे.

असं का होतं? धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात इलॅस्टिन आणि कोलॅजेन असे दोन प्रकारचे तंतू असतात. इलॅस्टिन ताणून परत आखडतं, कोलॅजेन भिंतीला मजबुती देतं. मोठेपणी शरीर नवं इलॅस्टिन जवळजवळ बनवत नाही. जन्मापासूनचं तेच आयुष्यभर, मिनिटाला सत्तरेक ठोके झेलत. लेंग्याचं इलॅस्टिक वर्षानुवर्षं ताणून सैल पडावं तसं ते सैल पडतं. त्यात विडीचा धूर. धुरातल्या घटकांनी भिंतीला सूज येते, सुजेच्या पेशी तंतू कुरतडणारी द्रव्यं सोडतात. महाधमनीच्या मूत्रपिंडांखालच्या भागात मुळातच इलॅस्टिन कमी असतं, म्हणून फुगा बहुतेक वेळा तिथेच येतो. एकदा रुंदी वाढली की बी.पी. तेवढंच असलं तरी भिंतीवरचा ताण वाढतो, कारण ताण हा दाब आणि त्रिज्या या दोन्हींवर ठरतो. त्यामुळे मोठा फुगा लहान फुग्यापेक्षा भराभर वाढतो. सायकलच्या ट्यूबला एका जागी टेंगूळ आलं की हवा मारताना तेच टेंगूळ आणखी वर येतं, बाकीची ट्यूब तशीच राहते. पंक्चरवाल्याकडे उभं राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

वय, पुरुष असणं, बी.पी., कोलेस्टेरॉल, घराण्यात कुणाला असणं ही बाकीची कारणं. पण या सगळ्यांच्या वर तंबाखूचा धूर आहे. माझ्याकडे आलेल्या पोटातल्या ॲन्युरिझमच्या रुग्णांत कधीच न ओढलेला माणूस मला विरळाच दिसतो. एक गोष्ट आम्हालाही अजून विचारात पाडते : मधुमेह असलेल्यांत हा फुगा कमी आढळतो आणि सावकाश वाढतो. तरुण माणसात फुगा सापडला तर मात्र आम्ही वेगळा शोध घेतो. मार्फानसारखा जन्मजात आजार, टाकायासू नावाचा धमन्यांच्या सुजेचा आजार (आपल्याकडे तरुण मुलींमध्ये दिसतो), किंवा साल्मोनेला, टी.बी. यांसारख्या जंतूंनी पोखरलेली भिंत. जंतूंमुळे झालेल्या फुग्याला सेंटिमीटरचे नियम लागू नाहीत, तो लहान असतानाच फुटू शकतो. बाबांच्या बाबतीत ताप नाही, वजन घटलेलं नाही असं मी धरून चाललो आहे. तसं काही असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी दाखवायला या.

आता आकडा. पुरुषांत ५.५ सेंटिमीटर आणि बायकांत ५ सेंटिमीटर ही ऑपरेशनचा विचार करण्याची रेषा. ती कुणाच्या मनात आली म्हणून आखलेली नाही. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या रुग्णांचे दोन गट करून पाहिले. एका गटाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्या गटावर सोनोग्राफीने नजर. लगेच ऑपरेशन करून घेतलेले जास्त जगले नाहीत. बाबांच्या आकाराचा फुगा वर्षभरात फुटण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. पोट उघडून करायच्या ऑपरेशनचा धोका आज त्यापेक्षा मोठा आहे. ‘लगेच करा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण हे कारण विचारून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुखत असेल, वर्षात एक सेंटिमीटरहून जास्त वाढला असेल, तर मात्र ५.५ ची वाट पाहत नाहीत.

नजर ठेवायची म्हणजे काय? ४ ते ४.९ ला साधारणपणे वर्षाला एक सोनोग्राफी, ५ च्या पुढे दर सहा महिन्यांनी. बाबांचा वाढण्याचा वेग आपल्याला अजून माहीत नाही, म्हणून पहिली सोनोग्राफी मी सहा महिन्यांनी करायला सांगेन आणि मग वर्षावर जाईन. सर्वसाधारण वेग वर्षाला दोन-तीन मिलिमीटर असतो. इथे एक व्यवहारातली अडचण आहे. दोन वेगळ्या हातांनी मोजलं तर तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. या महिन्यात स्टेशनजवळच्या सेंटरमध्ये ४.४ आणि पुढच्या वर्षी घोडबंदर रोडला ४.८ आलं, तर फुगा वाढला की मोजणारा बदलला हे कसं कळणार? म्हणून शक्यतो एकच सेंटर ठेवा. तिथल्या डॉक्टरांना जुना रिपोर्ट दाखवा आणि ‘पुढून-मागे, भिंतीच्या बाहेरून बाहेरपर्यंत’ मोजायला सांगा. फुग्याच्या आत बहुधा रक्ताची गुठळी साचलेली असते. ती धरून मोजायचं. नुसती रक्त वाहण्याची वाट मोजली तर मोठा फुगाही साधा वाटतो.

कळव्याचे एक आजोबा होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. दर वर्षी कालनिर्णयच्या त्या महिन्याच्या पानामागे ते आकडा लिहीत आणि ते पान फाईलला लावत. ४.१, ४.३, ४.४, ४.७. सातव्या पानावर ५.५ आलं. त्यांच्या सूनबाई ती पानं घेऊन आल्या तेव्हा मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. ऑपरेशन ठरवून, फुप्फुसांचा व्यायाम करून घेऊन, सावकाश केलं. त्यांना मी पहिल्यांदा तपासलं तो क्षण अजून हातात आहे. उताणं झोपवून गुडघे जरा वर घ्यायला सांगतो, पोट सैल पडतं. मग दोन्ही तळवे बेंबीच्या थोडं वर आडवे ठेवतो. सडसडीत माणसाच्या पोटात नुसती धडधड लागणं साधं आहे, ती वर उचलते. फुगा असेल तर प्रत्येक ठोक्याला माझे दोन हात एकमेकांपासून दूर सरकतात. हे तपासायला अर्धा मिनिट लागतं, तरी किती तपासण्यांत पोटाला हातच लागत नाही.

दुसरी घटना सांगताना मला आजही त्रास होतो. साठीतला एक रिक्षाचालक रात्री डाव्या कुशीतून कमरेत कळ आली म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये गेला. मुतखडा समजून त्याला वेदनाशामक इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. पहाटे घाम फुटून बी.पी. पडलं तेव्हा हालवाहालव झाली. आमच्याकडे आला तेव्हा पोटाच्या मागच्या बाजूला रक्त भरलं होतं. आम्ही त्याला टेबलावर घेतलं, पण वाचवू शकलो नाही. नंतर मुलाने घरून फाईल आणली. चार वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं : महाधमनी ४.८ सेंटिमीटर. सगळ्यांनी खड्यांची ओळ वाचली होती. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. फुगा वाढताना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. बाबांना अचानक पोटात, पाठीत किंवा कुशीत कधी नव्हे अशी जोराची कळ आली, ती जांघेकडे उतरली, घाम फुटला, चक्कर आली, तर तो मुतखडा, गॅस किंवा उसण नाही, असं धरूनच चालायचं. चहा-ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि पोचल्या-पोचल्या पहिलं वाक्य हेच म्हणा : ‘यांना पोटातल्या महाधमनीचा ॲन्युरिझम आहे, एवढ्या सेंटिमीटरचा.’ फुटलेला ॲन्युरिझम झालेल्यांपैकी निम्मे तरी रुग्णालयात पोचत नाहीत, पण पोचणाऱ्यांतले बरेच वाचवता येतात. नेमका आजार कळायलाच जो वेळ जातो, तो हे एक वाक्य वाचवतं. चोवीस तास सीटी स्कॅन आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करणारं तुमच्या जवळचं रुग्णालय कुठलं, हे आज फोन करून विचारून ठेवा. रात्री दोन वाजता शोधायची ती गोष्ट नाही.

आता रोजचं. पहिली विडी. दोन-तीन असल्या तरी त्या दोन-तीनही बंद. ओढणाऱ्यांचा फुगा लवकर वाढतो आणि लवकर फुटतो, हे पक्कं ठाऊक आहे. विडी सोडून तंबाखू मळायला सुरुवात केली तर आपण काहीच मिळवलं नाही. सुटत नसेल तर निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून घ्या. बी.पी. १३०/८० च्या आत राहील असं पाहा, घरी यंत्र ठेवा. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, मी अशा बहुतेक रुग्णांना देतो. फुगा लहान करण्यासाठी नव्हे, तर या रुग्णांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका मोठा असतो म्हणून. खरं सांगायचं तर बाबांच्या आकाराच्या फुग्यात माणसं फुगा फुटून जाण्यापेक्षा हृदयविकाराने जास्त जातात. फुगा लहान करणारं औषध आजवर सापडलेलं नाही. डॉक्सिसायक्लिन या ॲन्टिबायोटिककडून आशा होती, चाचण्यांत तिचा उपयोग दिसला नाही. काढे, जळवा, पोटाला मालिश यांत पैसे घालू नका. पोट चोळून घेणं तर मुळीच नको.

एक गोष्ट तुमच्या बाबांसाठी खास महत्त्वाची आहे, ती कुणी सांगितली नसेल. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या एका कुळातल्या ॲन्टिबायोटिक गोळ्या आहेत. महाधमनीला फुगा असलेल्यांना त्या, दुसरा पर्याय असताना, देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. या गोळ्या कोलॅजेनच्या तंतूंवर परिणाम करतात, टाचेची शीर तुटण्याचा धोकाही त्यांच्याबाबत आधीपासून माहीत होता. आता पाहा, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन होतं आणि त्यावर पहिल्यांदा याच गोळ्या लिहिल्या जातात. जुलाब झाले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल आणणारी घरं तर गल्लोगल्ली आहेत. बाबांच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत या तिन्ही गोळ्यांची नावं लिहून ‘देऊ नका’ असं लिहा. लघवीच्या डॉक्टरांनाही दाखवा. प्रोस्टेटच्या नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायला हरकत नाही, फक्त लघवीला किंवा शौचाला कुंथावं लागत असेल तर त्यावर आधी इलाज करा. पुढे प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना फुग्याचं सांगायला विसरू नका.

चालणं चालू हवंच. तासभर, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने. भरलेला गॅस सिलिंडर उचलणं, जड कपाट सरकवणं टाळावं. प्रवास, जिने, देवदर्शन सगळं चालेल.

पुढे कधी ५.५ झालंच तर दोन रस्ते आहेत. पहिला पोट उघडून. फुग्याच्या वर आणि खाली चिमटे लावून रक्त थांबवतो, फुगा उघडतो, आतली गुठळी काढतो, डेक्रॉनची (एका कृत्रिम धाग्याच्या कापडाची) नळी शिवतो आणि जुन्या भिंतीनेच ती झाकतो. हे ऑपरेशन पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी १९५१ मध्ये केलं, तेव्हा त्यांनी दात्याच्या धमनीचा तुकडा जोडला होता. त्याआधी भिंत बाहेरून सेलोफेनने गुंडाळण्यापलीकडे फारसं हाती नव्हतं. आइनस्टाइन यांच्या फुग्याला १९४८ मध्ये असंच सेलोफेन गुंडाळलं. एप्रिल १९५५ मध्ये तो फुटला, त्यांनी पुन्हा ऑपरेशनला नकार दिला आणि ते गेले. दुसरा रस्ता दोन्ही जांघांतून. घडी घातलेली स्टेंट ग्राफ्ट नळी आतून नेऊन फुग्यात उघडायची, म्हणजे रक्त नळीतून जातं आणि भिंतीवरचा दाब उतरतो. अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्यूनस आयर्सला पोटातल्या महाधमनीसाठी ते पहिल्यांदा करून दाखवलं.

जांघेतून केलं की दोन-तीन दिवसांत घरी, आणि पहिल्या महिन्यातला धोकाही कमी. म्हणून सगळे तेच मागतात. पण नळी घट्ट बसायला मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली एक-दीड सेंटिमीटर तरी निरोगी, सरळ भाग लागतो, तो सीटी अँजिओत (धमन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) मोजावा लागतो. नळीच्या बाजूने रक्त पुन्हा फुग्यात झिरपू शकतं, त्यामुळे आयुष्यभर तपासण्या कराव्या लागतात, कधी पुन्हा हात घालावा लागतो. काही वर्षांनी दोन्ही पद्धतींतल्या जगण्याचं प्रमाण जवळपास सारखं होतं. माझं मत स्पष्ट आहे. पासष्टीचा, फुप्फुसं आणि हृदय चांगलं असलेला, दर वर्षी तपासणीला येईलच याची खात्री नसलेला माणूस असेल तर मी पोट उघडून करण्याकडे झुकतो. ऐंशीच्या आसपासचा, दम लागणारा असेल तर स्टेंट ग्राफ्ट. स्टेंट ग्राफ्टचा खर्च लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना तुमच्या कार्डावर काय बसतं ते आधी विचारा.

बाकीच्या धमन्यांचे फुगे वेगळे वागतात, म्हणून ५.५ चा आकडा सगळीकडे लावू नका. गुडघ्यामागचा फुगा क्वचित फुटतो. त्यात गुठळी होऊन पाय गार आणि पांढरा पडतो, काही तासांत पाय जाऊ शकतो. तो असलेल्यांत पोटातलाही बऱ्याचदा सापडतो. म्हणून बाबांच्या गुडघ्यांमागची सोनोग्राफी एकदा करून घ्या, २ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर इलाज लागतो. प्लीहेच्या धमनीचा फुगा बायकांत जास्त दिसतो आणि गरोदरपणात धोक्याचा ठरतो. मेंदूतला फुगा म्हणजे धमनीच्या फाट्यावर बोराएवढा किंवा त्याहून लहान फोड. तो फुटला की क्षणात, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी होते, मान ताठ होते, उलटी होते. तिथे फुग्याला क्लिप लावणारे किंवा आत तारेची कॉइल भरणारे मेंदूचे तज्ज्ञ लागतात. पोटात फुगा आहे म्हणून मेंदूचा स्कॅन आम्ही सर्रास करत नाही. अँजिओग्राफीनंतर जांघेत आठवडाभराने धडधडणारी गाठ आली तर तो खोटा फुगा. सोनोग्राफीखाली एका इंजेक्शनने बहुतेक वेळा बुजतो. डायलिसिसच्या हाताच्या फुगलेल्या नसेवरची त्वचा चकाकायला लागली किंवा खपली धरली तर त्याच दिवशी दाखवा, आणि रक्त सुटलं तर त्या जागेवर बोट दाबून धरूनच रुग्णालयात निघा.

राहिला तुमच्या घरातला प्रश्न. बाबांच्या सख्ख्या भावंडांना हा फुगा असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. ब्रिटनमध्ये ६५ व्या वर्षी प्रत्येक पुरुषाला यासाठी एका सोनोग्राफीला बोलावतात. आपल्याकडे तशी सरकारी व्यवस्था नाही, ती आपणच घरोघरी करायची. काका पासष्टीच्या पुढे असतील, विडी ओढत असतील, तर या महिन्यातच त्यांची पोटाची सोनोग्राफी करून घ्या. त्याला ना इंजेक्शन लागतं, ना किरण. फक्त पोट रिकामं हवं.

माझ्याकडे येताना सोनोग्राफीच्या फिल्मा, क्रिएटिनिन, लिपिड आणि ईसीजीचा रिपोर्ट, आणि बाबा घेतात त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिकसुद्धा, पिशवीत घालून आणा. सीटी अँजिओ मी आज सांगत नाही. उद्या सकाळी बाबांना घेऊन उपवनला जा. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही सोबत चाला, भीती गेली की ते त्यांचे जातील.